मैनेचं माप

आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या टेबलावर जो मेजपोस आहे, त्याच्या चारी कोपऱ्यांना शिशाच्या गोळ्या लावलेल्या आहेत. पंखा कितीही जोरात फिरो, तो मेजपोस जागचा हलत नाही. मात्र खुर्चीवर बसणाऱ्याच्या गुडघ्यावर तो अधूनमधून टोला हाणतो. एकदा तपासणीला आलेले साहेब सही करता करता कळवळले आणि टेबलाखाली वाकले. "हे काय आहे?" हेडमास्तर म्हणाले, "सर, क्रोशाचं काम आहे." साहेबांनी गोळी तळहातावर घेऊन तोलली. "आणि हे?" हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, त्या जाळ्याला लावतात. जाळं तळाशी बसावं म्हणून." साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. बहुधा या शाळेत काय काय चालत असेल याचा त्यांना अंदाज आला असावा.

तो मेजपोस बकारामजींनी केलेला. बकारामजी गेल्या उन्हाळ्यात गेले. सानगडीत हळहळणारे पुष्कळ निघाले, कारण त्यांच्या हातचं काही नाही असं घर गावात कमीच. कुणाच्या दाराला तोरण, कुणाच्या टीव्हीवर झाकण, कुणाच्या लेकीच्या रुखवतात रुमाल. पण ती हळहळ 'आता तोरण कोण करून देणार' या जातीची होती. ज्या एका वस्तूसाठी त्यांनी हे काम हाती धरलं, ती कुणाच्या लक्षातही नव्हती. माझ्या आहे. विसरता आली असती तर बरं झालं असतं.

माणूस एवढासा. पट्ट्यापट्ट्याची अर्धी चड्डी, बंडी, खांद्यावर दुपट्टा आणि डोक्याला कधीकाळी पांढरी असलेली टोपी. जन्म तलावावर गेलेला. शाळेची मागची भिंत आणि तलावाची पाळ यांच्यामध्ये एक मोहाचं झाड आहे. त्याखाली बसून ते गावातल्या ढिवरांची, म्हणजे कोळ्यांची, फाटकी जाळी सांधत. नवी जाळी विणायचे दिवस संपले होते. बाजारात नायलॉनचं तयार जाळं मिळायला लागलं आणि बकारामजींच्या वाट्याला फक्त भोकं उरली. हे त्यांनीच मला सांगितलं आणि वर म्हणाले, "चालते म्हना."

हे 'चालते म्हना' त्यांच्या तोंडी कायम. छपराची कवेलं माकडांनी फोडली, चालते म्हना. बायको जाऊन दहा वर्षं झाली, चालते म्हना. एकदा आमच्या शाळेतल्या पोरांनी क्रिकेट खेळताना चेंडू थेट त्यांच्या चुलीवरच्या भाताच्या गंजात टाकला. ते चेंडू धुऊन भिंतीवरून परत देताना म्हणाले, "चालते म्हना, आज वरन नव्हतंच."

मी या शाळेवर बदलून आले तो हिवाळा होता. मधल्या सुट्टीत आम्ही बाया भिंतीशी उन्हात बसून विणायचो. मी माझ्या मुलाचा स्वेटर घेतला होता. विणकामात माझा हात म्हणजे काय सांगावं, मी टाके घालते आणि देव ते सोडवतो. भिंतीपलीकडून आवाज आला.

"बाई, तुमचं एक घर सुटलं."

"काय सुटलं?"

"घर. चार ओळी खाली. मासोळी निंघून जाईन तेथून."

मी पाहिलं तर खरंच टाका सुटला होता. दहा हातांवरून त्या माणसाला तो दिसला होता. मी स्वेटर भिंतीवरून त्यांच्याकडे दिला, आणि त्यांनी जाळ्याच्या बांबूच्या सुईने तो टाका चार ओळी वर चढवून दिला. मग स्वेटर परत करायच्या ऐवजी तो उलटसुलट करून पाहत बसले.

"हे मले येईन का जी, बाई?"

बाया हसल्या. मीही हसले असेन. "तुम्हाला कशाला हवंय हो, बकारामजी?"

"मैनेसाठी."

तेव्हा ते तेवढंच बोलले. बाकीचं मला हळूहळू कळलं, थोडं त्यांच्याकडून आणि जास्त गावाकडून. त्यांना एकच मुलगा, गणेश. आईच्या वळणावर गेलेला, उंचापुरा, बापाच्या झोपडीत वाकून शिरणारा. कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेला. मागे बायको कविता, वय बावीस, आणि दीड वर्षाची पोर. तिला घरात मैना म्हणत. कविताच्या माहेरचे रडत आले, तर त्यांना बकारामजींनीच सांगितलं, "रडता कायले? पोरीचं वय काय हाय? तिचा पाट लावा." स्थळही चांगलं मिळालं, नाकाडोंगरीचं, खाणीत कामाला असलेला मुलगा. लेकरासकट बायको करायला तयार होता. त्याच्या घरच्यांची अट एकच होती. पोरीला आमचं नाव लागेल, ती आम्हालाच मायबाप म्हणून ओळखेल, जुन्या घरच्यांनी येणंजाणं ठेवायचं नाही. चार पंचांसमोर बकारामजींनी शब्द दिला की मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही.

तो शब्द त्यांनी पाळला. पण माणूस साधा असला तरी इतकाही साधा नव्हता. मला म्हणाले, "पाय ठेवनार नाई म्हटलं, बाई. सुटर पाठवनार नाई असं थोडी म्हटलं?"

क्रोशा त्यांना एका दुपारीत आला. साखळी, खांब, मुका खांब, मी नावं सांगायच्या आत त्यांचा हात पुढे गेलेला असायचा. दोन सुयांनी मात्र महिनाभर छळलं. "दोन कायले लागतात? आमी एका सुईनं अख्खा तलाव गुंडाळतो," असं म्हणत ते घाम पुसत. बसण्याची रीत जाळं विणायचीच, पाय लांब सोडून. लोकरीचा धागा उजव्या पायाच्या अंगठ्याला वेढा घेऊन वर यायचा, म्हणजे ताण सारखा राहतो. मोजदाद कोडीत. मी 'साठ टाके' म्हटलं की त्यांचा चेहरा कोरा, 'तीन कोड्या' म्हटलं की सुया सुरू. गावातले टगे भिंतीवरून ओरडायचे, "आजा, मायबाई झाला का?" तेही चालते म्हना.

पण मैनेच्या स्वेटरात त्यांना काहीच चालत नसे. एक टाका इकडचा तिकडे झाला की विणलेलं सगळं उसवत. मी म्हणायची, "कुणाला दिसणारही नाही हो ते." ते मान हलवत आणि उसवत राहत.

आता प्रश्न मापाचा. पोर दीड वर्षाची असताना गेली, ती आता केवढी झाली हे कळायचं कसं? यावर त्यांनी स्वतःच तोड काढली. शाळेच्या आवारातच अंगणवाडी भरायची. तिथे प्रणाली नावाची एक पोरगी होती. ती मैनेनंतर आठ दिवसांनी जन्मलेली, दोघींचं बारसं एकाच आठवड्यात झालं होतं. दसरा झाला की बकारामजी एक सुतळी घेऊन येत आणि म्हणत, "बाई, प्रणालीले उभी करा." खांदा ते कंबर एक गाठ, खांदा ते मनगट एक गाठ, छातीचा घेर एक गाठ. पुढच्या वर्षी त्याच सुतळीवर पुढच्या गाठी. प्रणाली शहाण्या मुलासारखी हात पसरून उभी राहायची. नाकाला शेंबूड, अंगात पातळ फ्रॉक.

पहिल्या वर्षीचा स्वेटर गुलाबी रंगाचा झाला. माझ्या मुलाच्या स्वेटरपेक्षा कितीतरी चांगला झाला, हे मान्य करायला मला आठ दिवस लागले. खालच्या काठाशी आतल्या बाजूने त्यांनी जाळ्याच्या निळ्या दोऱ्याची एक गाठ मारली होती. प्रत्येकाचं जाळं ओळखू यावं म्हणून तलावावर अशी खूण करतात. "कधीतरी पोट्टीले दिसन," ते म्हणाले. "इचारन, हे कायची गाठ हाय? कोनं करून देल्लं? बस, एक डाव इचारलं पायजे." त्यांना एवढंच हवं होतं. भेट नको होती, आजा म्हणून हाक नको होती. तिने एकदा विचारावं, एवढंच.

आणि मग त्यांनी तो स्वेटर उकळला.

खरंच उकळला. पूर्वी सुती जाळं नवं विणलं की झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढत, म्हणजे पाण्यात कुजत नसे. नवी वस्तू उकळल्याशिवाय पक्की होत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यातून ओलं जाळं वाळवताना आवळून बसू नये म्हणून खाली वजनं लावतात, तशी त्यांनी स्वेटरच्या बाह्यांनाही लावली. आपल्या बाजारातली लोकर म्हणजे नावाची लोकर. ती उकळत्या पाण्यात आटली नाही, तिने जीवच सोडला. सकाळी ते स्वेटर घेऊन भिंतीशी उभे, चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव. दोन वर्षांच्या पोरीच्या स्वेटरच्या बाह्या माझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होत्या.

आम्ही सगळ्या इतक्या हसलो की हेडमास्तर बाहेर आले. बकारामजीही हसले. मग ते लांबडं गुलाबी प्रकरण घडी घालून बगलेत मारलं. "वाढत्या अंगाची हाय ती. ठेवतो. कामी येईन." घरी जाऊन त्यांनी पुन्हा टाके घातले आणि बारा दिवसांत दुसरा स्वेटर केला. मंडईला द्यायचा होता ना!

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, नाटकं होतात, लेकी-सुना आणि पाहुणेरावळे घर भरून टाकतात. सानगडीच्या मंडईला कविताचा भाऊ दर वर्षी यायचा. बकारामजी त्याला हॉटेलात बसवून आलुबोंडा खाऊ घालत, आणि शेवटी पिशवी त्याच्या हातात देत. तो पिशवी घ्यायचा, मान खाली घालून 'पोचवतो' म्हणायचा आणि जायचा. मागच्या वर्षीचा बसला का, हे विचारलं की म्हणायचा, "बसला असन." असा निरोप घेऊन माणूस अख्खं वर्ष काढू शकतो, हे मी बकारामजींमुळे पाहिलं.

वर्षं जात राहिली. त्यांचा हात आता गावभर माहीत झाला. लोक लोकर आणून देत, ते करून देत. तोरणात मासोळ्यांची रांग असायची, सगळ्यांची तोंडं घराच्या आत वळलेली. रिकाम्या हाताने ते लग्नाला कधी गेले नाहीत. पण दसरा झाला की बाकी सगळं बंद. सरपंचाच्या बायकोने लेकीच्या रुखवतासाठी घाई केली, तर तिलाही सांगितलं, "आता मैनेचं चालू हाय. मंडई होऊ द्या."

प्रणाली तिसरीत असताना एकदा माप देता देता म्हणाली, "आजा, माह्यासाठी कधी करशीन?"

बकारामजी थांबले. म्हणाले, "तुले तुहा आजा हाय ना घरी."

"तो दारू पेते."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुतळीला गाठ मारली. मी मधे पडले, "अहो, एक टोपी तरी करा तिच्यासाठी." त्यांनी टोपी करून दिली, चांगली दिली, पण त्यात निळी गाठ नव्हती. मी तेव्हा मनातल्या मनात त्यांच्यावर रागावले. समोर थंडीने काकडणारी पोर सोडून हा माणूस न दिसणाऱ्या पोरीसाठी जीव टाकतो, हे मला पटेना. आज वाटतं, मला काय कळत होतं?

प्रणाली पाचवीत होती त्या वर्षी कविताचा भाऊ मंडईला आलाच नाही. कामासाठी हैदराबादला गेला होता. बकारामजी दोन दिवस हॉटेलच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी शाळेत आले. नेमकं माझं प्रशिक्षण तुमसरला लागलं होतं, आणि ही बातमी त्यांना कुठून कळली देव जाणे.

"तुमसरवरून नाकाडोंगरी लांब नाई, बाई."

"मी काय म्हणून जाऊ त्यांच्या घरी?"

"बाई म्हनून जा. बायांले कोन इचारते?"

त्यात खोटं काही नव्हतं. जनगणना, मतदारयादी, जनावरं, संडास, आम्ही कुणाच्याही दारात जाऊन काहीही विचारू शकतो. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाला दुपारी दांडी मारून मी बस धरली.

घर रस्त्यालगतच होतं, नीटनेटकं, अंगणात तुळस. नवरा कामावर गेला होता. कविताने मला ओळखण्याचं कारण नव्हतं, पण पिशवीतून स्वेटर काढून काठाची निळी गाठ दाखवली तशी ती खाली बसली.

"मामाजी बरे हायेत का?"

तिने सगळ्यात आधी सासऱ्यांबद्दलच विचारलं, आणि तिच्याबद्दल मनात जे काही घेऊन गेले होते ते तिथेच गळून पडलं. तिने पाणी दिलं. मग आतल्या खोलीत नेऊन पलंगाखालची पेटी ओढली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत आठ स्वेटर होते, लहानापासून मोठ्यापर्यंत रचलेले. घड्या दुकानातल्यासारख्या, एकाही घडीला अंगाचा स्पर्श झालेला नाही.

"दर साली पावसाळा सरला का उन्हात टाकतो, ती शाळेत गेली म्हंजे," कविता म्हणाली. "फेकवत नाई आन घालवत नाई."

"एकही घातला नाही तिला?"

"घातला त इचारन, कोनं देल्ला. काय सांगू मी?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "यायनं तिले कधी पराई मानली नाई, बाई. लहानपनी तिले ताप चढला, गाडी भेटली नाई, त खांद्यावर घेऊन पायी निंघाले होते दवाखान्यात. तिचा बाप हाय तो. एका सुटरापायी मी तिचा बाप काढून घेऊ का?"

मोठ्या हुशारीने मी दोन-तीन वाक्यं तयार करून गेले होते, आजोबाचं मन, लेकराचा हक्क वगैरे. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. त्या घरात कुणी वाईट नव्हतं, आणि म्हणूनच कुणाला काही सांगण्यासारखं नव्हतं.

"मामाजीले सांगू नका," ती म्हणाली. "करू द्या त्यायले. नाई केलं त मरतीन."

तेवढ्यात फाटक वाजलं. कविताने नवा स्वेटर पेटीत टाकला आणि पायाने पेटी आत लोटली. पोर आली, दप्तर फेकलं, "आई, भूक." अंगात दुकानातलं चेन असलेलं जाकीट. आणि उंच! दहा वर्षांची पोर माझ्या खांद्याला लागत होती. सानगडीची प्रणाली माझ्या कोपराला कशीबशी पोचायची. गणेशची लेक होती ही, दारातून वाकून शिरणाऱ्याची. मी नेलेला नवा स्वेटर तिच्या बेंबीच्या वरच राहिला असता. पेटीतला प्रत्येक स्वेटर, त्या त्या वर्षी घातला असता तरी, तिला झालाच नसता. आठ वर्षं बकारामजी प्रणालीचे स्वेटर विणत होते.

"ह्या कोन?" तिने विचारलं.

"शाळेच्या बाई. सर्व्हे कराले आल्या."

मग मी वही काढली आणि सर्व्हे केला. नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, इयत्ता विचारली, खरोखर लिहून घेतलं. मैना हे नाव तिच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. ती धडाधड उत्तरं देत होती, हसरी, धीट. सुखात होती. हे सुख मला बघवत नव्हतं, याची लाज आजही वाटते.

सानगडीला परतले तर बकारामजी बसस्टॉपवरच.

"भेटली?"

"भेटली."

"बसला का जी?"

मी म्हटलं, "छान बसला."

"बाह्या?"

"बरोबर मनगटापर्यंत."

"गळ्यातून डोस्कं गेलं? मले गळ्याचीच चिंता होती."

"गेलं."

मग अगदी हळू विचारलं, "कोनं केला, म्हनून इचारलं का तिनं?"

एवढं सगळं खोटं बोलून झाल्यावर इथे का अडावं? पण अडले. म्हटलं, "लहान आहे हो अजून. विचारेल."

बाकीचं खोटं एक वेळ माफ होईल. हा 'विचारेल' नाही व्हायचा. त्या शब्दावर ते पुढची तीन वर्षं जगले. त्याच आठवड्यात ते शाळेत मेजपोस घेऊन आले, पांढरा, बारीक जाळीचा, चारी कोपऱ्यांना स्वतःच्या जाळ्याच्या काढलेल्या शिशाच्या गोळ्या. "बाईनं माहं काम केलं," ते हेडमास्तरांना म्हणाले, "म्हनून शाळेले." त्या गोळ्या माझ्या गुडघ्याला लागतात तेव्हा मला दुखतं ते वेगळंच.

पुढची दोन वर्षं कविताचा भाऊ पुन्हा मंडईला आला आणि पेटीत आणखी दोन स्वेटर गेले असणार. बकारामजींची नजर अधू झाली. सुईत टाका आहे की नाही हे ते आता ओठांनी चाचपत. स्वेटर मात्र आधीपेक्षा देखणे होऊ लागले. छातीवर मासोळ्यांची जोडी, खांद्यावर वेल. आता ती विचारणार होती ना. मी रोज ठरवायची, आज सांगू. सांगून काय होणार होतं, हेही मला माहीत होतं, म्हणून रोज गप्प बसायची. त्याला दया म्हणतात असं मी स्वतःला समजावलं होतं.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्याच्या तोंडची गोष्ट, दसरा नुकताच झाला होता. मधली सुट्टी होती, ऊन चांगलं पडलं होतं. बकारामजी भिंतीला हात लावत लावत आवारात आले. हातात तीच सुतळी, आता गाठींनी भरलेली.

"प्रणालीले उभी करा, बाई."

"प्रणाली नाही हो. सातवी झाली की तिची. बापाने सगळं घरच नागपूरला नेलं, मिस्तरीच्या हाताखाली काम मिळालं म्हणून. जूनमध्येच गेले."

त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "सातवीतली दुसरी कुणी उभी करू का?" पोरी गोळा झाल्या होत्या. त्यांनी डोळे बारीक करून एकेकीकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांतली एकही त्या आठवड्यात जन्मलेली नव्हती.

"मंग आता मी माप कायचं घेऊ?"

त्यांनी सुतळी चाचपली, शेवटच्या गाठी बोटांनी मोजल्या, आणि मग उजवा तळहात आडवा करून हवेत धरला, आपल्या खांद्याच्या जरा वर.

"इतकी झाली असन का जी?"

'हो' म्हणायला काय लागत होतं? तीन वर्षं तेच तर केलं होतं. पण तो हात हवेत तसाच धरलेला आणि इतका खाली, की मला राहवलं नाही. मी पुढे झाले. त्यांच्या मनगटाखाली माझा हात घातला आणि त्यांचा हात वर उचलला. हनुवटीच्या वर, कानाच्या वर, टोपीच्याही चार बोटं वर. तिथे सोडला. त्यांना मान वर करून आपल्याच हाताकडे पाहावं लागलं.

"गनेशावानी," ते म्हणाले.

"हो."

"तुमी गेल्ता तेव्हाबी उंचच असन."

"हो."

आता ते हिशेब करत होते, हे मला दिसत होतं. एकेक वर्ष, एकेक गाठ. पोरी आमच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी हात खाली घेतला.

"मंग सारेच तोकडे झाले, बाई. एकबी नसन घातला."

बोलायचं ते मी त्यांच्या हाताला सांगून बसले होते. फक्त वाट पाहत राहिले की ते आता 'चालते म्हना' म्हणतील. घंटा झाली, पोरी वर्गात पळाल्या, हेडमास्तरांनी मला हाक मारली. बकारामजी वळले आणि भिंतीला हात लावत फाटकाकडे निघाले. सुतळीचं टोक त्यांच्या हातातून सुटून मागे धुळीत घासत जात होतं. फाटकाशी ते थांबले, तेव्हा मला वाटलं, आता म्हणतील. त्यांनी फाटकाची कडी नीट लावून घेतली आणि ते गेले.